नांगर आहे, पण दोर?

शास्त्रवाचन : इब्री लोकांस पत्र 2:1, 6:13–20, प्रेषितांची कृत्ये 27:27–32



मराठीत 'नांगर' हा एकच शब्द दोन वस्तूंसाठी आहे. माळव्यातील किंवा बेळगावकडील आपल्या बांधवाला हा शब्द ऐकताच शेत आठवते. गोव्याच्या किनाऱ्यावर राहणाऱ्याला होडी आठवते. दोन्हींचे काम वेगळे, पण दोन्हींचा फाळ मातीत शिरला तरच त्यांचा उपयोग. आणि दोन्ही मातीतून सुटतात तेही एकाच रीतीने. बांधाशी आल्यावर शेतकरी नांगर वर उचलतो आणि फाळ मोकळा होतो. खलाशीही निघायच्या वेळी आपली नाव नांगराच्या बरोबर वर आणतो, दोर सरळ वर ओढतो, आणि रात्रभर हलला नाही तो नांगर सहज सुटून येतो. ही साधी गोष्ट कृपा करून ध्यानात ठेवा. आजच्या मननाचा सारा भार तिच्यावर आहे.

इब्री लोकांस पत्राचा लेखक सहाव्या अध्यायात ख्रिस्ती आशेला जिवाचा नांगर म्हणतो. रोममधील भुयारी कबरस्तानांत आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी आपल्या मृतांच्या कबरींवर नांगराचे चिन्ह कोरले, ते आजही पाहावयास मिळते. हे चिन्ह आपल्या चांगले परिचयाचे आहे. परंतु नांगर नावेला धरून ठेवतो तो कसा, हे आपल्यापैकी समुद्रापासून दूर राहणाऱ्या पुष्कळांनी कधी पाहिलेले नसते. ते समजून घेतले तर या वचनाचा अर्थ अधिक खोल लागेल.

उष्ण कटिबंधातील बेटांमधून लहान शिडाच्या नौकेने महिनोन्‌महिने फिरणारी माणसे आजही आहेत. नौका हेच त्यांचे घर. पस्तीस-चाळीस फूट लांबीच्या त्या घरात स्वयंपाक, निजणे, मुलांचा अभ्यास, आजारपण, सारे काही चालते. पाऊस आला की ताडपत्री ताणून पाणी धरायचे, टाकीत साठवायचे आणि जपून वापरायचे. दिवसा एका बेटाहून दुसऱ्या बेटाकडे जायचे. पण रात्र आली की काय? रस्त्यावरचा गाडीवान गाडी सोडून झाडाखाली झोपू शकतो. पाण्यावरचे घर मात्र कोणीतरी धरून ठेवल्यावाचून एका जागी राहत नाही. म्हणून अशा कुटुंबाचे दिवसातले सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे सूर्य मावळण्यापूर्वी नांगर नीट टाकणे. त्यांची झोप त्यावर अवलंबून असते, आणि कधीकधी त्यांचा जीवही.

ते हे काम कसे करतात ते पाहू, आणि त्यातून आपल्या जिवाच्या नांगराविषयी चार गोष्टी शिकू.

1. नांगर नावेबाहेर पडला पाहिजे

हिंदी महासागरातील कोकोस कीलिंग बेटे ही प्रवाळाची कंकणद्वीपे आहेत. आपल्या देशाची लक्षद्वीप बेटेही याच जातीची. बांगडीसारखे प्रवाळाचे कडे, त्यावर नारळीची ठेंगणी बेटे आणि मध्ये शांत, उथळ पाणी, ज्याला लगून म्हणतात. कड्याच्या बाहेर मात्र समुद्राचा तळ एकदम खाली जातो. किनारा हाकेच्या अंतरावर दिसत असतानाही तेथे नांगर तळाला पोहोचत नाही. म्हणून कड्यातील वाट शोधून आत यावे लागते, आणि तेही सूर्य बराच वर असताना व शक्य तर पाठीशी असताना. कारण पाण्याचा रंग तेव्हाच वाचता येतो. गडद निळे ते खोल. फिकट हिरवे ते वाळूवरचे उथळ. तपकिरी डाग दिसला तर तेथे प्रवाळाचा खडक पृष्ठभागाजवळ आलेला आहे असे समजावे. सूर्य समोर असला किंवा मावळू लागला की पाण्यावर नुसती चकाकी दिसते आणि सारे रंग एक होतात. शहाणा खलाशी अशा वेळी आत शिरत नाही. तो बाहेर खोल समुद्रात रात्र काढतो.

आत आल्यावर तो वाळूची जागा पाहतो. प्रवाळात नांगर कधीकधी लगेच अडकतो आणि घट्ट बसल्यासारखा वाटतो. पण रात्री वारा फिरला की एक तर निसटतो, नाही तर दोर खडकाच्या धारेवर घासून तुटतो. शिवाय शेकडो वर्षांत वाढलेले प्रवाळ मोडते ते वेगळेच. वाळूत नांगर हळूहळू रुतत जातो आणि ओढ वाढेल तसा अधिक खोल शिरतो.

बंधूंनो, नांगर कितीही मजबूत असला तरी तो नावेतच पडून असेल तर नाव वाहत जाणारच. आपल्यापैकी कित्येकांची आशा अशी नावेतच ठेवलेली असते. मला आज बरे वाटते, उपासनेत मन भरून आले, माझी प्रकृती चांगली आहे, मुले मार्गी लागली, म्हणून माझी आशा स्थिर आहे असे आपण समजतो. पण हे सारे नावेच्या आतलेच सामान आहे. नावेबरोबर तेही हलते. इब्री लोकांस पत्राचा लेखक सांगतो की, आपला नांगर पडद्याच्या आत, जेथे येशू आपल्यापुढे गेला आहे, तेथे पोहोचलेला आहे. आपल्या डोळ्यांना ती जागा दिसत नाही. नांगर रुतलेली वाळूही नावेवरून बहुधा दिसत नाही. पण नाव धरली जाते ती त्या न दिसणाऱ्या जागेमुळेच.

2. दोर लांब असला पाहिजे

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. नांगर केवळ वजनाने नाव धरतो असा पुष्कळांचा समज असतो. तसे नाही. नांगरावर येणारी ओढ तळाच्या बाजूने, आडवी आली तर फाळ वाळूत शिरतो. ओढ वरच्या बाजूने आली तर तोच फाळ उपटून निघतो. आणि ओढ आडवी यावी यासाठी दोर लांब सोडावा लागतो. खलाशांचा हिशेब असा : पाणी 5 मीटर खोल आहे आणि नौकेचे पुढले टोक पाण्याच्या वर 1 मीटर आहे, म्हणजे एकूण 6 मीटर. लोखंडी साखळी असेल तर याच्या सुमारे 5 पट, म्हणजे 30 मीटर सोडावी. दोर असेल तर 7 पट, म्हणजे 42 मीटर. भरतीला पाणी चढणार असेल तर तेही आधीच मोजावे. वादळाचा रंग दिसला तर आणखी सोडावा.

पाणी 5 मीटर आणि दोर 6 मीटर असला, तरी शांत दुपारी नाव जागच्या जागी उभी राहील. पाहणाराला काही उणे दिसणार नाही. पहिली मोठी लाट आली की ती नाव वर उचलील, आणि शेतकरी बांधाशी आल्यावर करतो तेच होईल. फाळ मोकळा!

जोशुआ स्लोकम या खलाशाचे नाव काहींनी ऐकले असेल. एकट्याने नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा हा पहिला मनुष्य. 24 एप्रिल 1895 रोजी तो बोस्टनहून निघाला आणि 27 जून 1898 रोजी न्यूपोर्टला परत पोहोचला. 'स्प्रे' नावाची त्याची नौका सुमारे 37 फूट लांब होती व ती त्याने स्वतःच्या हातांनी नव्याने बांधली होती. जुलै 1897 मध्ये तो कोकोस कीलिंग बेटांवर आला. त्याआधीच्या 23 दिवसांत त्याने सुमारे 2,700 मैल समुद्र ओलांडला, आणि त्यात सुकाण्यावर तो सारे मिळून तीन तासही बसला नसेल, इतकी ती नौका आपली आपण सरळ चालत असे. असा हा कसलेला माणूस. त्याचा जीव जाण्याची वेळ आली ती कोठे? भर महासागरात नव्हे, त्याच लगूनमध्ये.

मोठे शिंपले आणण्यासाठी तो बेटावरील एका माणसाबरोबर दुसऱ्याच एका गबाळ्या होडीतून गेला होता. मध्येच वाऱ्याचा झपाटा आला, जुने शीड निकामी झाले आणि होडी बाहेरच्या समुद्राकडे वाहू लागली. वल्ही पाहावी तर एकही नाही. नांगर होता, पण त्याला दोर इतका तोकडा की त्याचा काही उपयोग नव्हता, आणि होडी तर खोल पाण्यात आलेली. वारा नेत होता त्या दिशेला पुढची जमीन आफ्रिकेची, 3,000 मैलांवर. होडीत घोटभर पाणी नव्हते. सुदैवाने एक काठी हाती लागली. तिचेच वल्हे करून त्याने जिवाच्या आकांताने होडी उथळ पाण्यात आणली. 1900 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासाच्या पुस्तकात त्याने हा प्रसंग स्वतः सांगितला आहे.

वाचकहो, मी हा प्रसंग प्रथम वाचला तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. कारण हा माझाच वृत्तांत होता.

3. दोर सोडावा तो शांत वेळी

मी तीस वर्षांहून अधिक काळ शब्बाथ शाळेत शिकवीत आलो आहे. पाळकसाहेब बाहेरगावी असले की उपदेशही केला आहे. इब्री 6:19 या वचनावर मी निदान चार वेळा बोललो असेन. माझ्याजवळ नांगर नव्हता असे कोण म्हणेल? परंतु कित्येक वर्षे मी पवित्र शास्त्र उघडीत असे ते पुढच्या रविवारचा पाठ तयार करण्यासाठी. प्रार्थना करीत असे ती वर्गाच्या आरंभी आणि शेवटी. माझ्या स्वतःच्या जिवासाठी मी केव्हा गुडघे टेकले होते ते आठवावे लागे. दिवस शांत होते. नाव जागच्या जागी उभी होती. दोर किती तोकडा झाला आहे हे मला दिसले नाही आणि दुसऱ्या कोणालाही दिसले नाही.

मग माझ्या पत्नीच्या आजारपणाची ती रात्र आली. इस्पितळाच्या लांब व्हरांड्यात बाकावर मी एकटा होतो. पहाटेचे दोन वाजले असतील. प्रार्थना करावी म्हणून डोळे मिटले, आणि शब्द सापडेनात. उपदेशाचे मुद्दे आठवले, पहिला, दुसरा, तिसरा. पण ते देवाशी बोलण्याच्या कामाचे नव्हते. त्या घटकेला मला माझी होडी वाहत चालल्याचे कळले.

तेवढ्यात, मी न बोलावता, एक वचन आले. मी सात वर्षांचा असताना आमच्या मंडळीच्या पडवीत एक बाई आम्हांला शिकवीत. एक वचन पाठ केले की एक रंगीत चित्राचे कार्ड मिळे. त्या कार्डाच्या लोभाने मी 139 व्या स्तोत्रातील ते शब्द पाठ केले होते, की पहाटेचे पंख लावून समुद्राच्या पलीकडल्या टोकाला जाऊन राहिलो तरी तेथेही देवाचा हात मला धरील. पन्नास वर्षे मी ते वचन मुद्दाम म्हटले नव्हते. त्या रात्री उजाडेपर्यंत मी तेच म्हणत राहिलो. दुसरे काही म्हणता आले नाही, आणि लागलेही नाही.

तिसऱ्या दिवशी माझी पत्नी प्रभूकडे गेली. नांगर वारा थांबवीत नाही, बंधुभगिनींनो. तसे वचन देवाने कोठे दिलेलेही नाही. पण मी वाहून गेलो नाही. माझ्या हाती ती काठी ठेवणारा प्रभू होता, आणि ती पन्नास वर्षांपूर्वी माझ्या होडीत आणून ठेवणाऱ्या त्या बाई होत्या. त्या केव्हाच प्रभूघरी गेल्या. आपल्या हातून काय झाले ते त्यांना या जगात कळले नाही.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनो, म्हणून माझी तुम्हांला कळकळीची विनंती आहे. वर्गात सहाच मुले आली म्हणून खिन्न होऊ नका. मूल वचन पाठ करताना चुळबुळ करते, अर्थ त्याला कळत नाही, कार्डाच्या लोभानेच म्हणते, तरी म्हणू द्या. तुम्ही त्याच्या दोराला हात-दोन हात जोडीत आहात. आपल्या मंडळ्यांतील मुले आज शिक्षणाला आणि नोकरीला दूर जातात. इंदुराहून, वडोदऱ्याहून, हैदराबादहून परदेशीही जातात. कोणत्या व्हरांड्यात त्यांना तो दोर लागेल हे आपल्याला ठाऊक नाही. त्या वेळी आपण जवळ असणार नाही.

आणि आपण जे प्रौढ आहोत, त्यांनी काठीच्या भरवशावर राहू नये. स्लोकमला काठी मिळाली, मला वचन आठवले, ही देवाची दया. दयेची परीक्षा पाहणे योग्य नाही. वारा सुटल्यावर दोर वळीत बसता येत नाही. आजची शांत संध्याकाळ त्यासाठी दिलेली आहे.

4. फिरणे वेगळे आणि घसरणे वेगळे

नांगर टाकून झाल्यावर खलाशी इंजिन हळूच उलटे चालवून नौका मागे ओढतो आणि नांगर खरोखर रुतला का ते पाहतो. पाणी नितळ असेल तर डोळ्यांना काच लावून पोहत जातो आणि प्रत्यक्ष डोळ्यांनी खात्री करून घेतो. मग किनाऱ्यावरच्या दोन ठळक खुणा, एक उंच माड आणि त्यामागची टेकडी म्हणा, एका रेषेत धरून ठेवतो. रात्री जाग आली की वर येऊन त्या खुणा पाहतो. आता उपग्रहावरून जागा कळविणारी यंत्रे आली आहेत आणि नाव ठरलेल्या वर्तुळाबाहेर गेली तर घंटा वाजते. तरीही सावध खलाशी स्वतः उठून पाहतोच.

नवशिक्याला मात्र एक भीती वाटते. संध्याकाळी नावेचे तोंड बेटाकडे होते. मध्यरात्री उठून पाहतो तर समुद्राकडे! नांगर सुटला की काय? बहुधा तसे नसते. वारा फिरला, म्हणून नावही नांगराभोवती फिरली. दोर लांब असला की ती अधिकच फिरते. पण नांगर आपल्या जागी असतो.

हे मी दुःखात असलेल्या माझ्या बंधुभगिनींसाठी लिहीत आहे. ईयोबाने देवाला प्रश्न केले. स्तोत्रकर्त्याने, देवा, तू मला विसरलास काय, असे विचारले. दोघांनीही तोंड फिरले तरी दोर सोडला नाही. त्यांचे गाऱ्हाणे देवापाशीच होते. तुमच्या मनात रात्री प्रश्न उठतात, पूर्वीसारखे गाता येत नाही, उपासनेत डोळे कोरडे राहतात, म्हणून विश्वास गेला असे समजू नका. वारा फिरला आहे आणि तुम्ही नांगराभोवती फिरत आहात.

घसरणे निराळे. त्याचा आवाज होत नाही. रात्र शांत आहे, सारे निजले आहेत, आणि नाव इंच इंच खडकाकडे सरकत आहे. याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या वचनात लेखक इशारा देतो, की ऐकलेल्या गोष्टींपासून आपण वाहवत जाऊ नये म्हणून अधिक लक्ष दिले पाहिजे. वाहवत जाणारा बंड करीत नाही, विश्वास नाकारीत नाही. तो फक्त खुणा पाहण्याचे सोडतो. महिनाभर उपासना चुकली, हरकत नाही. कुटुंबप्रार्थना थांबली, वेळ मिळत नाही. एका बंधूशी अबोला धरला, चालायचेच. आपल्याला दोन खुणा दिलेल्या आहेत : देवाचे वचन आणि मंडळीची संगत. त्या दोन्ही एका रेषेत आहेत का, हे वरचेवर उठून पाहावे.

आणखी एक. रात्री नांगरलेल्या नौकेने चहूकडून दिसेल असा पांढरा दिवा लावावा असा सर्व देशांनी मान्य केलेला नियम आहे. आतल्या माणसांना त्याचा फारसा उपयोग नसतो. तो अंधारातून येणाऱ्या दुसऱ्या नौकेसाठी असतो. आपल्या मंडळ्या लहान आहेत, परभाषी मुलखात विखुरलेल्या आहेत. ज्या घरात संकट येऊनही प्रार्थना थांबली नाही, त्या घराचा दिवा शेजारच्या वाटचुकल्यांना दिसत असतो.

पौलाचे तारू चौदाव्या रात्री वाऱ्यावर भरकटत होते. खलाशांनी पाण्याचा ठाव घेतला. वीस वाव, मग पंधरा वाव. खडकांवर आदळू या भयाने त्यांनी मागच्या बाजूने चार नांगर टाकले आणि दिवस उगवण्याची वाट पाहत राहिले. तारवात 276 माणसे होती. दिवस उगवला. तारू फुटले, पण एकही जीव गेला नाही.

आपलाही दिवस उगवणार आहे. तोवर रात्र आहे, आणि नांगर रुतलेला आहे तेथे आपला प्रभू आहे. आज निजण्यापूर्वी इतकेच करा : पवित्र शास्त्र उघडा, एक वचन घरातील लहानाला म्हणायला लावा, आणि त्याच्याबरोबर स्वतः म्हणा. दोर हात-दोन हात अधिक सोडा.

प्रार्थना : हे प्रभू येशू, तू आमच्यापुढे पडद्याच्या आत गेला आहेस. आमची आशा तुझ्यात रुतू दे. शांत दिवसांत आम्हांला आळशी होऊ देऊ नकोस, आणि वाऱ्याच्या रात्री आम्हांला सोडू नकोस. आमच्या मुलांना तुझी वचने दे, म्हणजे आम्ही नसू तेव्हा ती त्यांना धरून ठेवतील. आमेन.